घोंगड्याखाली बोलायचं नाही

"हलू नको. आन् बोलू तर बिल्कुल नको," म्हणत साखराबाईनं धाकट्या भावाला, व्यंकटीला, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या घोंगड्यात गुंडाळलं.

भर दुपार. व्यंकटी आत नुसता वळवळत होता. पोटावर, पाठीवर, मांड्यांवर लालबुंद गांधी उठल्या होत्या. एक खाजवावी तर शेजारी दुसरी उगवायची.

आमच्या अहमदपुरात अंगावर पित्त उठलं की माणूस आधी साखराबाईच्या दारात. घाम फुटेपर्यंत घोंगडं उघडायचं नाही आणि आतल्यानं बोलायचं नाही. बोललं की पित्त तोंडावाटे परत पोटात शिरतं, हा तिच्या सासूपासूनचा नियम. या घोंगड्याचा वास आला की पित्त तिकीट न काढताच एस्टीनं मुखेडला पळतं, असं लोक सांगत. मुखेडची माणसं त्याबद्दल भांडायला आली होती म्हणे. मी पाहिली नाहीत, पण खोटं कशाला म्हणू?

व्यंकटी मोंढ्यात सोयाबीनचा सौदा पुकारायचा. त्यानं भाव पुकारला की मोंढ्याबाहेरचे बैलसुद्धा थांबून ऐकत. त्या दिवशी दाढ ठणकत होती, म्हणून दुकानातून गोळी आणून चहाबरोबर घेतली. आणि कप खाली ठेवतो न ठेवतो तोच खाजवत बहिणीच्या दारात.

शेजारचा हणमंत ऑटोवाला म्हणाला, दवाखान्यात नेऊ या का. साखराबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं मुकाट्यानं ऑटो मागं घेतली. ओसरीवर बाया जमल्या होत्या. साऱ्या गल्लीसमोर सख्खा भाऊ दवाखान्यात धाडला, तर उद्या घोंगड्यापाशी कोण येणार?

तरी तिला बसवेना. उठली, बसली, झाडलेली ओसरी पुन्हा झाडली. मग घोंगडं हलायचं थांबलं. उतरलं बघा, बाया म्हणाल्या. साखराबाईला ते थांबणं काही पटेना. खाज सुटलेला माणूस असा निपचित पडत नसतो. तिनं घोंगड्याचं टोक उचललं. व्यंकटीच्या पापण्या फुगून डोळे बुजले होते. ओठ केळ्यासारखे सुजले होते.

"व्यंकटी, बोल रे."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. घोंगड्यातल्याला बोलायला लावणं या घरात कधी घडलं नव्हतं.

"आक्के... गळा आवळून राहिला," तो म्हणाला. म्हणाला म्हणजे काय, शिट्टी वाजली. अख्ख्या मोंढ्याला पुरून उरणारा आवाज उंबऱ्यापर्यंत पोचेना.

तिनं घोंगडं ओढून अंगणात भिरकावलं.

"हणमंता, काढ ऑटो. पित्त न्हाई हे."

हणमंतानं ऑटो अशी हाणली की म्हशींनी रस्ता सोडला आणि गतिरोधकही अंग चोरून बसले.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी मांडीत सुई टोचली, मग तोंडावर ऑक्सिजन लावला. व्यंकटीचा श्वास मोकळा झाल्यावर विचारलं, काय खाल्लं होतं. त्याच्या खिशातल्या उरलेल्या गोळ्या साखराबाईनं पदरात बांधून आणल्या होत्या. मागंही दाढेच्या याच गोळीनंतर गांधी उठल्या होत्या आणि घोंगड्यात उतरल्या होत्या, तेही तिनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, त्या आपोआप उतरल्या असतील. अंगाला गोळी चालत नाही याची ती खूण होती. ही गोळी याला पुन्हा द्यायची नाही, आणि कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी हे सांगायचं. नुसती खाज असली तर दाखवून औषध घ्या. ओठ, जीभ सुजली, आवाज बसला, दम लागला, उलट्या किंवा चक्कर आली, तर क्षणभरही थांबू नका. त्रास पुन्हा उलटू शकतो, म्हणून व्यंकटीला त्यांनी ठेवून घेतलं.

संध्याकाळी साखराबाई त्याचे कपडे न्यायला घरी आली, तर ओसरी भरलेली. बायांनी उत्तर आधीच तयार ठेवलं होतं. घोंगड्यानंच ऑटो येईस्तोवर जीव धरून ठेवला ना, आक्का? नुसतं 'हाव' म्हणून मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"न्हाई," ती म्हणाली. "सुईनं वाचला. घोंगड्यात तर मी त्याला मारून राहिले व्हते."

तेवढ्यात गल्लीतली लुंबिनी आपल्या लहानग्या लेकीला, बुद्धप्रियाला, कडेवर घेऊन आली. पोरीच्या हातापायांवर गांधी होत्या. साखराबाईनं तिला उजेडात धरून ओठ पाहिले, जीभ काढायला लावली. सूज नव्हती.

"चल, मी बी दवाखान्यातच चालले," ती लुंबिनीला म्हणाली.

मागं ओसरीवरच्या बाया एकेक करून उठल्या आणि आपापल्या चपला शोधू लागल्या.