मडगार्डवरची गाणी

बारामतीच्या त्यांच्या सोसायटीत नाताळ साजरा व्हायला लागून दोन-तीनच वर्षं झाली असतील. क्लबहाउसमध्ये प्लॅस्टिकचं झाड, बेकरीतला केक, आणि यंदा एक नवीन टूम निघाली होती. प्रत्येक घरातल्या एकानं माइकवर यायचं, लहानपणी नाताळच्या सुट्टीत गाजलेलं एखादं गाणं सांगायचं, त्याची आठवण सांगायची, मग ते गाणं लावणार.

माधवीनं आपली आठवण आठवडाभर मनात घोळवली होती. पण नेमकी त्यांच्या घराची पाळी आली आणि स्वराली झाडावरच्या दिव्यांच्या वायरीला लोंबकळताना दिसली. सहा वर्षांची लेक, माधवीचा एक डोळा कायम तिच्यावर. ती वायर सोडवायला धावली, तेवढ्यात तिच्या नवऱ्यानं, ऋषिराजनं, माइक हातात घेतला.

"आमचे वडील कारखान्याला ऊस घालायचे," तो म्हणाला. "डबल ट्रॉली! नाताळची सुट्टी लागली की मी आपला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर. दरवर्षी सुट्टीला वडील अल्बमच्या गाण्यांची नवी कॅसेट आणायचे. अख्ख्या रस्त्याला कळायचं, आमचा ट्रॅक्टर आला म्हणून."

माधवीच्या हातात वायर तशीच राहिली.

मडगार्डवर ती बसायची. पिंपळीत, माहेरी. कॅसेट आणायचे ते तिचे वडील, अप्पा. ऋषिराजचे वडील इंदापूरला तहसील कचेरीत कारकून होते, लुनावरून जायचे-यायचे. जन्मात ट्रॅक्टरवर चढले नसतील. अप्पा गेले त्या आठवड्यात, रडून रडून घसा बसला असताना, तिनं हे सगळं नवऱ्याला सांगितलं होतं. एकदाच. त्याच्याशिवाय कुणालाच नाही. तो तिचा हात धरून ऐकत होता, मधे एक शब्द बोलला नव्हता. तेव्हा तिला वाटलं होतं, किती चांगला माणूस मिळाला आपल्याला.

"आणि कारखान्यावर रांग लागली ना," ऋषिराज रंगात आला होता, "की वडील खाली उतरून नाचायचे! ट्रॉलीच्या पुढं, टॉवेल उडवत!"

क्लबहाउस हसून लोटपोट झालं. सगळ्यात जोरात स्वराली.

शेजारच्या फ्लॅटमधली सबिना माधवीच्या कानाशी वाकली. "अगं, आमच्या फिरोजनं हा किस्सा ऑफिसात ऋषिराजच्या तोंडून कितीदा ऐकलाय! तुझ्या सासऱ्यांचा डान्स तिथं फेमस आहे. घरी त्याची नक्कल करून दाखवतो तो."

"हो का," माधवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं इंदापूरला निघाले. सुट्टीचे चार दिवस सासूबाईंकडं काढायचे होते. रात्रभर माधवी काही बोलली नव्हती. आपण बोललो तर आवाज चढेल, पोर जागी होईल, या धाकानं. रस्त्यात पुढं उसाच्या ट्रॉल्या लागल्या. ट्रॅक्टरवर कसलंसं गाणं ठणाणत होतं.

"बाबा, इंदापूरच्या आजोबांचा ट्रॅक्टर असाच होता?" मागच्या सीटवरून स्वरालीनं विचारलं.

ऋषिराजनं बायकोकडं चोरून पाहिलं. "याच्यापेक्षा मोठा."

"गाडी बाजूला घ्या," माधवी म्हणाली.

त्यानं घेतली. ट्रॉल्या पुढं निघून गेल्या.

"अगं, गंमत म्हणून सांगितलं. लुनावरच्या कारकुनाची कसली आठवण सांगू? लोकांनी जांभया दिल्या असत्या."

"द्यायच्या होत्या."

"आता तुझं-माझं असं वेगळं आहे का काही?"

"बाप वेगळे होते."

तो स्टेअरिंगवरची धूळ पुसायला लागला. धूळ नव्हतीच.

माधवी मागं वळली. सासरे आणि अप्पा, दोघेही स्वरालीच्या जन्माआधीच गेलेले. पोरीला दोन्ही आजोबा मिळणार ते सांगण्यातूनच. आज आपण बोललो नाही तर अप्पा हिच्या हाती कधीच लागणार नाहीत, एवढंच माधवीला दिसत होतं.

"स्वरा, ऐक. तो ट्रॅक्टर पिंपळीच्या आजोबांचा. माझ्या अप्पांचा. आणि मडगार्डवर मी बसायचे, बाबा नाही."

स्वरालीनं डोळे मोठे केले. "मग पिंपळीचे आजोबा नाचायचे?"

"नाही."

"थोडंसं पण नाही?"

हो म्हणायला काय जात होतं? पण अप्पा तिला स्वच्छ दिसत होते, कानटोपी घातलेले, रांग हलेल म्हणून सीट न सोडणारे. "नाही गं. ते नुसते बसून असायचे. कॅसेट घालायचे आणि म्हणायचे, 'आइक माधे, ही तुझ्या शाळंत कुणाकडं न्हाय.' मग मी ऐकायचे आणि ते माझ्याकडं बघायचे."

"आणि मग?"

"मग काही नाही. मी मोठमोठ्यानं गायचे. ते बघायचे."

स्वरालीनं ओठ काढला. मग दोन्ही सीटच्या मधून पुढं सरकून तिनं बापाच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. "बाबा, तुमची गोष्ट छान होती. ती सांगा ना. टॉवेलवाली."

ऋषिराज हसला नाही. तेवढं त्याला कळत होतं. त्यानं गाडी सुरू केली, आरशात बघितलं आणि पोरीच्या गालावर हळूच टिचकी मारली.

"नंतर सांगतो."

माधवीनं लेकीला मागं बसवलं, बेल्ट लावला, ओढून पाहिला. त्या 'नंतर'मध्ये ती स्वतः नसणार होती. स्वयंपाकघरात असेल, अंघोळीला गेलेली असेल, आणि इकडं अप्पा पुन्हा ट्रॅक्टरवरून उतरून, टॉवेल उडवत, दुसऱ्याचे वडील म्हणून नाचणार होते.