गुरुवारचं पान

“दाढीची पाती संपली होती दुकानदाराकडे, बाकी सगळं आणलं,” म्हणत बायकोनं पिशवी ओट्यावर ठेवली आणि यादीचा कागद नवऱ्यापुढे टाकला.

त्यानं सहज कागद उलटा केला आणि चहाचा कप हातातच राहिला. मागच्या बाजूला आकड्यांच्या आठ रांगा आणि कोपऱ्यात लाल शिक्का होता. गुरुवार.

“हा कुठं मिळाला तुला?”

“शुक्रवारी तुमच्या डब्याच्या बुडाला चिकटून आला. एका बाजूनं कोरा होता, ठेवला. एवढं काय?”

“दुकानात नेलास?”

“मग यादी काय तोंडपाठ करू? त्यानं वाचली, परत दिली.”

“आणखी कोण होतं तिथं?”

“रविवारी सकाळी दुकानात कोण नसतं?” ती हसली; मग त्याचा चेहरा बघून हसू आवरलं.

हा गृहस्थ संरक्षण संशोधनाच्या एका संस्थेत चाव्यांच्या खोलीत कारकून होता. चाव्या कुलपांच्या नव्हेत, कागदाच्या. रोज एक पान. त्या दिवशी नौकांशी वायरलेसवर जे बोललं जाई, ते त्या पानावरच्या आकड्यांनी बंद होई आणि त्याच आकड्यांनी उघडत असे. पान ज्याच्या हाती, त्याला सगळं ऐकू येणार. म्हणून दर शुक्रवारी आठवड्याची पानं कागदाच्या चिंध्या करणाऱ्या श्रेडरमध्ये घालायची. एकानं क्रमांक वाचायचा, दुसऱ्यानं पान डोळ्यांनी बघून ‘पाहिलं’ म्हणायचं आणि मग दोघांनी सही करायची. वाचायच्या टंकबाई, जुन्या टंकलेखिका. म्हणायचा हा. सव्वीस वर्षांत रजिस्टरातल्या चुकीच्या रकान्यात शून्याखेरीज काही पडलं नव्हतं. संस्थेत त्याला पाहिलंराव म्हणत, तेही कौतुकानं.

खरं सांगायचं तर पहिली चार वर्षं त्यानं पाहिलं, उरलेली बावीस नुसतं म्हटलं. बाईही क्रमांक पानावरून नाही, रजिस्टरातून वाचत. त्या खोलीत डबा न्यायला बंदी होती, पण दर शुक्रवारी डबे तिथंच उघडत. पानांच्या कडेला डिंक असतो हे दोघांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारभर तो खिडकीपाशी बसून राहिला. खाली स्कूटर थांबली की उठायचा. दुकानदारानं यादी एकदा वाचली की दोनदा, हे त्यानं बायकोला चार वेळा विचारलं. गुरुवारी कोणत्या नौकेला काय सांगितलं गेलं ते त्याला ठाऊक नव्हतं; ठाऊक नसणं हीच त्याची नोकरी.

“जाळून टाका ना,” बायको हळूच म्हणाली. तिनंच शेगडी पेटवून दिली. तो कागद धरून उभा राहिला, मग त्यानं शेगडी बंद केली. एकट्यानं त्यानं आजवर एकही पान नष्ट केलं नव्हतं.

सोमवारी फाटकावर पहारेकऱ्यानं रोजच्यासारखं वरवर चाचपलं. “आज डबा नाही, साहेब?”

“भूक नाही,” तो म्हणाला. ते खरंच होतं.

टंकबाईंनी पान बघताच दार लावून घेतलं. “घाला मशीनमध्ये. आत्ता. नोंदीप्रमाणे हे पान शुक्रवारीच संपलंय.”

“बाई, ते दुकानात जाऊन आलंय.”

“आणि मी चार महिन्यांत निवृत्त होऊन घरी जाणार आहे! यांचं डायलिसिस संस्थेच्या कार्डावर चालतं. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच तर फॉर्म भरून दिलात.”

श्रेडर सुरू झाला. पान त्याच्या तोंडाशी नेलं, तेवढ्यात दारावर टकटक झाली. त्यानं पान झटकन रजिस्टरात सारलं.

दारात नकाशावाली होती. संगणकावर खोटी युद्धं लढवून खऱ्या युद्धांचे अंदाज बांधणारी मुलगी. “काका, एक आकडा राहिलाय. चावी बाहेर जायची शक्यता. तुमच्या रजिस्टरात शून्य आहे, तेच घालते. दुपारी अहवाल जातोय.”

“शून्य घातलं की काय होतं?”

“या की, दाखवते.”

तिच्या खोलीतल्या पडद्यावर बारा हिरवे ठिपके होते. ते हलले, वळले आणि बाराच्या बारा बंदरात परतले.

“एक घालून बघ.”

“तुमच्यावर अविश्वास दाखवायचा म्हणजे!” हसत तिनं एक घातला. ठिपके निघाले. एक विझला. मग तीन एकदम विझले, पाठोपाठ आणखी तीन. बंदरात पाच आले. “अगंबाई,” ती पुटपुटली. “असं असतं तर प्रत्येक नौकेला वेगळी चावी द्या म्हणून लिहावं लागलं असतं. बरं झालं, शून्य आहे.”

तो परतला तेव्हा श्रेडर नुसताच घरघरत होता. त्यानं बटण बंद केलं, पान टेबलावर ठेवलं आणि बोट ठेवून क्रमांक वाचला. आजवर क्रमांक बाई वाचत होत्या.

बाईंनी पर्स उघडली, मिटली. मग चष्मा काढून पदराला पुसला आणि पान उचलून दोन्ही बाजूंनी बघितलं.

“साबण दोन,” त्या म्हणाल्या. “सुयांचं पाकीट. पाती.” आणि पान खाली ठेवत, “पाहिलं.”

सुरक्षा अधिकाऱ्यापुढे तो म्हणाला, “बाईंनी बरोबर वाचलं होतं. बघणं माझं काम होतं.”

“सह्या दोघांच्या आहेत,” अधिकारी म्हणाला. त्यानं दोघांचे पास काढून घेतले आणि पान पाकिटात घालून लाख लावली. “घरीच थांबा. माणसं येतील, मिसेसना आणि दुकानदारालाही विचारतील.”

नकाशावालीच्या दारावरून जाताना त्याला ती पडद्याकडे एकटक बघताना दिसली. तिच्यापाशी निरोप पोचला होता.

भर दुपारी त्याला दारात बघून बायको घाबरली. तिनं पाणी दिलं. मग पंचांगाचं जुनं पान घेऊन बसली, दोन्ही बाजू नीट बघितल्या आणि पेन्सिल उचलली.

“पाती राहिली होती तुमची. लिहू ना?”

सव्वीस वर्षं रोज सकाळी गुळगुळीत केलेल्या हनुवटीवरून त्यानं हात फिरवला.

“राहू दे,” तो म्हणाला. आणि खाली कुठलीशी गाडी थांबली तसा उठून उभा राहिला.