हातमोज्यांची वेबसाइट

थेरगावात डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत जयमालाताईंचा सुती हातमोजे शिवायचा छोटा कारखाना होता. आठ मशिनी, आठ बायका. माल चाकणच्या कंपन्यांत जायचा. एकदा तिथल्या एका नव्या कंपनीच्या खरेदी विभागातल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, तुमची वेबसाइट कुठंय? त्याशिवाय आमचे वरचे लोक नव्या माणसाकडून माल घेत नाहीत."

ताईंनी ओळखीतून गणराजला गाठलं. तो माण गावातल्या आयटी कंपनीत नोकरीला, राहायला रावेतला. सुट्टीच्या दिवशी अशी कामं करायचा. दोन रविवार तो कारखान्यात येऊन बसला आणि एकेका बाईचे फोटो काढले. अंबूबाईंनी पदर तोंडावर ओढला. "माजा नगं बाबा, दात पडल्यात." मग त्यानं नुसत्या त्यांच्या हातांचा फोटो काढला आणि तोच साइटवर सगळ्यात वर लावला. अनोळखी कंपन्यांचे फोन यायला लागले.

साइटवर नंबर होता कारखान्याच्या जुन्या मोबाइलचा. दीड वर्षानं तो मोबाइल बिघडला, रिचार्ज राहून गेलं, नंबर बंद पडला. ताईंनी नवा नंबर घेऊन गिऱ्हाइकांना कळवला. साइटवर बदलायचं मात्र राहिलं. पुढं तो जुना नंबर लातूरकडच्या कुणाला तरी मिळाला. चौकशीचे फोन त्याला जायचे आणि तो वैतागून सांगायचा, "कारखाना बंद पडलाय. परत फोन करू नका."

ताईंना हे कळलं ते एका कंपनीत माल दाखवायला गेल्यावर. तिथला माणूस चकित झाला. "तुम्ही तर बंद केलंत ना? आम्ही दोनदा फोन केला होता."

त्यांनी तिथूनच गणराजला फोन लावला. उचलला त्याच्या बायकोनं, योगिनीनं. "ताई, चार महिन्यांपूर्वी हे गाडीवरून पडले. डोक्याला मार लागलाय. आता घरी आहेत, पण..."

दुसऱ्या दिवशी ताई मोसंबी घेऊन रावेतला गेल्या. कामाचं बोलायचं नाही असं ठरवूनच गेल्या होत्या. गणराज खिडकीपाशी बसला होता. त्यानं त्यांना लगेच ओळखलं. "हातमोजे. अंबूबाई बऱ्या आहेत?"

ताईंना इतकं बरं वाटलं की नंबराची गोष्ट तोंडून निघूनच गेली.

"आत्ता बदलतो," तो म्हणाला. जुना लॅपटॉप कंपनीनं परत नेला होता. योगिनीनं तिचा पुढे ठेवला. वेबसाइटचं नाव कुठून घेतलं, कोणत्या ई-मेलवर, पासवर्ड काय, सगळं एकट्या त्यालाच ठाऊक होतं. त्यानं काहीतरी टाइप केलं. चुकलं. पुन्हा टाइप केलं. बोटं बटणांवर थांबली.

"राहू दे रे," ताई म्हणाल्या. "घाई नाही काही."

"मला येतं हे," तो म्हणाला. "ताई, मला येतं."

योगिनी स्वयंपाकघरात निघून गेली.

चिंचवडच्या एका डेव्हलपरला ताईंनी सगळं दाखवलं. तो म्हणाला, "पासवर्डशिवाय जुन्या साइटला आपण हात लावू शकत नाही. नवीन करू." नवी साइट झाली, पण शोधलं की वर यायची ती गणराजचीच. ताईंनी लातूरच्या माणसाला फोन करून विनवलं, नवा नंबर दिला. "मी काय तुमचा नोकर हाव का?" म्हणून त्यानं फोन ठेवला. नवी कामं येईनात; दिवाळीपर्यंत तीन मशिनी बंद झाल्या. अंबूबाई आपण होऊनच यायच्या थांबल्या.

पुढं एका दुपारी योगिनीचा फोन आला. "ताई, हे रोज सकाळपासून पासवर्ड आठवत बसतात. दोन वह्या भरल्या. जेवत नाहीत. तुम्ही सांगा ना, काम झालं म्हणून."

तिनं फोन त्याच्याकडे दिला.

"गणराज, झालं बरं का काम," ताई म्हणाल्या. "नंबर बदलला. आता नको त्रास घेऊ."

"उघडली साइट?"

"हो."

तो मोकळा हसला. मग त्यानं विचारलं, "काय होता हो पासवर्ड?"

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. तो लिहून घ्यायला थांबला होता.