कौलावरचा दात

"दातांचा फोटो काढायला एवढं यंत्र डोक्याभोवती फिरवायचं! आमच्या वेळी तोंड उघडलं की दात दिसायचे," मंदाकिनीबाई मांडीवरची पर्स घट्ट धरून पुटपुटल्या. दाताच्या दवाखान्यातल्या खुर्च्या इतक्या खेटून होत्या, की शेजारी बसलेल्या सुनेला, हेमाला, नको असतानाही सगळं ऐकू आलं. तशी तिला सवय होती.

हेमाची मुलगी स्वराली तेरा वर्षांची. पुढच्या दोन मोठ्या दातांच्या दोन्ही बाजूंना फट. दुधाचे पडले, नवे आलेच नाहीत. पहिला पडला तेव्हा हेमाने तो तुळशीच्या कुंडीत पुरला होता. विश्रांतवाडीत तिसऱ्या मजल्यावर कौल आणायचं कुठून? "दात कौलावर टाकायचा असतो," सासूबाई म्हणाल्या. दुसरा पडला तेव्हा हेमा अर्धी रजा टाकून कसबा पेठेत सासूबाईंच्या माहेरी गेली आणि शेणाच्या गोळ्यात घालून तो कौलावर भिरकावून आली. तिथेही नवा आला नाही. "नेम चुकला असेल," सासूबाई म्हणाल्या.

हेमा शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती. उशिरा येणाऱ्या सरांकडून लेखी खुलासे घ्यायचं काम तिच्याकडे असे. घरी मात्र दातांवरून सहा वर्षं बोलणी खाऊनही तिने एकही खुलासा दिला नव्हता. आधी राग यायचा, मग रडू यायचं. हल्ली काहीच येत नसे. स्वराली तोंडावर हात धरून हसायची, तेव्हाही नाही.

आत बोलावलं. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे दोन दात हाडात नाहीतच. तयारच झाले नाहीत. आणि हा सुळा वाट सोडून टाळूत आडवा पडलाय. या दोन गोष्टी पुष्कळदा जोडीने दिसतात, आणि घराण्यात चालत येतात. घरात आणखी कुणाला आहे असं?"

"माझ्या माहेरी नाही," हेमा म्हणाली. "यांचे दोन दात बसवलेले आहेत. पण ते शाळेत असताना क्रिकेटचा चेंडू लागून पडले."

"कुठले दोन?"

मागे उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याने, अभयने, ओठ वर केला. लग्नाला सतरा वर्षं झाली होती. बॉलरचं नावसुद्धा हेमाला पाठ होतं.

"मधले दोन शाबूत ठेवून फक्त आजूबाजूचे पाडले?" डॉक्टर म्हणाल्या. "चेंडू फारच समजूतदार होता."

अभय समोरचा, ब्रश कसा धरावा हे शिकवणारा तक्ता वाचू लागला. स्वराली खुर्चीत आडवीच, एकेकाकडे बघत. हेमाही बघत राहिली. आत काही हलतंय का, याची तिने वाट पाहिली.

मंदाकिनीबाईंनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"चेंडूबिंडू काही नव्हतं गं हेमा," त्या म्हणाल्या. "मुलगी बघायला जाताना सांगायला काहीतरी हवं होतं. अभयचे दोन्ही दात मी माझ्या हाताने कौलावर टाकले होते. एकही आला नाही."