उत्तर क्रमांक सात

अल्माटीच्या रेल्वे स्टेशनात चौकशीच्या खिडकीमागे मी तेवीस वर्षं बसले. गाडी कधी येणार, उशीर का झाला, माझी पेटी कुठे गेली, असल्या प्रश्नांना मी झोपेतही उत्तर दिलं असतं. स्टेशनात यंत्रं आली आणि खिडकी बंद झाली. मग माझ्या मैत्रिणीचा मुलगा अरिस्तान म्हणाला, "कुल्याश आपा, आमच्या कंपनीत या. लोकांशी बोलणारं कुणीतरी हवंय. आम्हा पोरांना बोलता येत नाही." ते खरंच होतं. टायरच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्यांत पाच पोरं दिवसभर तोंड मिटून बसत आणि शेजारच्यालाही काही सांगायचं असलं तर टाइप करत.

त्यांच्या ऑनलाइन खेळाचं नाव झाइलाउ. डोंगरातल्या कुरणावर तंबू ठोकायचा, मेंढ्या राखायच्या, संध्याकाळी शर्यतीत घोडे पळवायचे. खेळणारे अकराशे, आणि त्या सगळ्यांचं गाऱ्हाणं माझ्याकडे. कुणाचा घोडा नदीत रुतून बसे, कुणाच्या मेंढ्या हवेत तरंगत. एका बाईने तर शेजाऱ्याचा कुत्रा आपल्या कुत्रीकडे टक लावून बघतो, त्याला आवरा, म्हणून लिहिलं होतं.

अरिस्तानने मला तयार उत्तरं दिली होती, क्रमांक घालून. क्रमांक दोन, पासवर्ड विसरलेल्यांसाठी. क्रमांक चार, इंटरनेट तपासा. आणि माझं लाडकं क्रमांक सात: 'आपल्या मोलाच्या सूचनेबद्दल आभार. ती संबंधितांपर्यंत पोचवली आहे.' संबंधित म्हणजे मिरास. खेळाचा प्रोग्राम लिहिणारा हा चोवीस वर्षांचा मुलगा माझ्या समोरच्याच टेबलावर सूर्यफुलाच्या बिया फोडत बसे. खरं सांगायचं तर त्याच्यापर्यंत मी फारसं काही पोचवत नव्हते.

ओराझबेक आगांची पत्रं मी आवडीने उघडायची. केगेन गावचे हे निवृत्त ट्रॅक्टर ड्रायव्हर, वय चौसष्ट. झाइलाउमधला सगळ्यात मोठा आऊल, म्हणजे तंबूंची वस्ती, त्यांचा, एकशे चाळीस तंबूंचा, आणि संध्याकाळच्या शर्यती त्यांच्याच जिवावर चालत. पण आगा पत्र लिहायचे ते जुन्या वळणाचं. तुमची तब्येत कशी, घरच्यांची कशी, गुरं धडधाकट ना, इकडे गवत उशिरा कापलं, गाय व्यायली. चार परिच्छेद हे असं आणि कामाचं जे काय असेल ते शेवटी. माझ्यापुढे रोज साठ-सत्तर पत्रं असत. मी पहिले दोन परिच्छेद वाचायची, मनातल्या मनात बरं वाटून घ्यायची आणि सात दाबायची.

शरद ऋतूत पोरांनी खेळात मोठी मेजवानी ठेवायचं ठरवलं. कुरणावरून सगळे आऊल खाली उतरणार, अकराशे जण एका पंगतीत बसणार. मिरासने विचारलं, "आपा, मटणाचे तुकडे कुणाला कुठले द्यायचे? गुणांप्रमाणे देऊ?"

"गुणांप्रमाणे? तुझ्या आईने तुला पंगतीत कधी बसवलं होतं की नाही रे? लिहून घे." मग मी खुर्चीत रेलून कायदाच सांगितला. मेंढ्याचं डोकं सगळ्यात वडीलधाऱ्यापुढे. तो ते कापून वाटणार. कान लहानांना, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. डोळा त्याला, जो वरचेवर नजरेसमोर असावा असं वाटतं.

"वडीलधारा म्हणजे वयाने ना?"

"नाही, उंचीने!" मी म्हणाले आणि सगळी पोरं हसली. मलाही फार शहाणं वाटलं. मिरासने नोंदींतून जन्मसाल शोधलं. सगळ्यात वयस्क निघाले ओराझबेक आगा. डोकं त्यांच्यापुढे येणार, असं आम्ही खेळात जाहीरही करून टाकलं.

मेजवानीच्या दिवशी आम्ही सगळे मिरासच्या पडद्याभोवती उभे होतो. ढोल वाजले, वाफाळतं ताट हवेतून तरंगत आलं आणि आगांच्या पुढ्यात उतरलं. आगा उठून उभे राहिले. ताटाकडे पाठ केली, घोड्यावर बसले आणि निघाले. त्यांच्यामागे एकशे चाळीस तंबू भराभर उतरले. त्यांचं बघून इतरही उठले. पाच मिनिटांत अर्धी पंगत रिकामी, आणि ते डोकं मधोमध वाफा सोडत बसलेलं.

मग पत्रं कोसळायला लागली. "लाज आहे का? त्यांचे वडील जिवंत आहेत!"

ज्याचे वडील हयात आहेत तो डोक्याला हात लावत नाही, हे आमच्यात शेंबडं पोरही सांगेल. त्याला डोकं वाढणं म्हणजे तुझा बाप गेला असं भर पंगतीत सांगणं. पण चौसष्ट वर्षांच्या माणसाचे वडील असतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी हळूच आगांची जुनी पत्रं उघडली. नऊ दिवसांपूर्वीचं एक होतं. तब्येत, गुरं, गवत, पाऊस. शेवटची ओळ: 'माझे वडील देवाच्या कृपेने एकोणनव्वदाव्या वर्षीही ठणठणीत आहेत, तेव्हा डोक्याचा मान कृपा करून दुसऱ्या कुणाला द्यावा.' खाली माझं उत्तर. मोलाच्या सूचनेबद्दल आभार.

मी पत्र बंद केलं आणि कुणाला काही बोलले नाही. हे सांगताना आजही तोंड कडू होतं, पण बोलले नाही खरं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळची शर्यत सहा घोड्यांची झाली. तिसऱ्या दिवशी झालीच नाही. अरिस्तानने भरपाई म्हणून आगांच्या सगळ्या आऊलाला सोनेरी खोगिरं पाठवली. ती एकशे चाळीसही परत आली आणि सोबत एक ओळ: 'बापाच्या जिवाचं मोल म्हणून खोगीर देता का?' अरिस्तान डोकं धरून बसला. "ते परतले नाहीत तर महिनाअखेर खेळ बंद करावा लागेल. मिरास, प्रोग्राम तू लिहिलास. तुझ्या नावाने जाहीर माफी लिही."

मिरास बियांची पुडी बाजूला सारून लिहायला बसला. त्याचे कान लाल झाले होते. पोरगा एक शब्द उलटून बोलला नाही. अशा वेळी एखाद्याने भांडावं तरी, म्हणजे आपल्याला गप्प बसणं सोपं जातं.

"थांब रे," मी म्हणाले. "पुसून टाक ते."

"का?"

"कारण गाढव मी आहे." मग मी पत्र उघडून सगळ्यांना वाचून दाखवलं, उत्तरासकट.

मिरासच आधी म्हणाला, "आपा, म्हणजे तुम्ही पण आमच्यासारख्याच."

"तुमच्याहून वाईट. तुम्ही निदान वाचल्याचं सोंग करत नाही. ऊठ, कोट घाल. अशी माफी टाइप करून मागायची नसते."

शनिवारी सकाळी आम्ही दोघं शेअर टॅक्सीने केगेनला निघालो. मांडीवर मिठाईचा पुडा, चहाची पेटी आणि आगांच्या वडिलांसाठी लोकरी टोपी. चार तासांच्या वाटेत मी बोलायचं काय ते बारा वेळा घोकलं.

घराच्या भिंतीशी उन्हात एक लहानखुरे म्हातारबाबा बसले होते. हे माकाश अता, आगांचे वडील. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला खालपासून वर न्याहाळलं.

"म्हणजे मला मारलं ती तूच?"

"हो अता. मीच."

"मग बस की. चहा घे. आता मेलोच आहे तर मला काही घाई नाही."

मिरासला हसू फुटलं, मी त्याला कोपर मारलं. तेवढ्यात गोठ्यातून आगा आले. हातात दाताळं, चेहरा दगडासारखा. मी घोकलेलं सगळं विसरले.

"मी पत्र लिहिलं होतं," ते म्हणाले.

"मी वाचलं नाही."

"उत्तर आलं होतं."

"न वाचताच दिलं."

"तीन वर्षं लिहितोय. मग बाकीचीही तशीच?"

"बाकीची पहिले दोन परिच्छेद." खोटं बोलायला गेले असते तर बोलता आलं असतं, पण त्या अंगणात ते जमेना.

"म्हणजे गाय व्यायल्याचं?"

"ते वाचलं! ते दुसऱ्या परिच्छेदात होतं. कालवड झाली ना? कपाळावर पांढरा ठिपका?"

आगांनी दाताळं भिंतीला टेकवलं. हसले नाहीत, पण आत जाऊन स्वतःच्या हाताने तळलेल्या बाउर्साक पावांची परात घेऊन आले. "गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही," बसता बसता म्हणाले. "जो तो विचारतोय, दफन कधी म्हणून."

"पण ते डोकं कुठाय?" अतांनी मध्येच विचारलं.

"पडून आहे तिथेच," मिरास म्हणाला. "कुणी घेतल्याशिवाय हलत नाही. मी तसंच लिहिलंय."

"आठवडाभर? शिजलेलं डोकं?" अता खरोखर रागावले. "माणसं आहात की कोण! या घरात डोकं कापणारा अजून जिवंत आहे ना? मग मी कापतो. मला बसवा त्या पंगतीत."

आगा म्हणाले, "बाबा, तुम्हाला ते जमायचं नाही."

"तुला ट्रॅक्टर कुणी शिकवला?"

झालं. मिरासने लॅपटॉप अतांच्या गुडघ्यांवर ठेवला आणि मी आयुष्यातलं सगळ्यात लांबलचक चौकशीचं काम सुरू केलं. नाव लिहिलं. जन्मसाल निवडायला गेलो तर यादी एकोणीसशे पन्नासपासून सुरू.

"यात मी नाही," अता म्हणाले. "पोरा, मला दुसऱ्यांदा मारलंस."

मिरासने घाम पुसत तिथेच बसून यादी मागे नेली. नंतर पडद्यावर आलं: आपण यंत्र नाही हे दाखवण्यासाठी घोड्यांची सगळी चित्रं निवडा. अतांनी पाच निवडली. चूक. पुन्हा पाच. पुन्हा चूक.

"अता, हे सहावं पण दाबा ना," मिरास काकुळतीला आला.

"ते खेचर आहे."

"आहे, पण दाबा."

"खेचराला घोडा म्हणू? या वयात?"

आगा वाकून बघायला आले. "खेचरच आहे," म्हणाले आणि मग दाढीतल्या दाढीत हसायला लागले. इतके, की त्यांना खाली बसावं लागलं. मिरासने खेचर काढून टाकलं. माकाश अता झाइलाउमध्ये शिरले.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा पंगत बसली. तोवर मिरासने डोकं कापून वाटायची सोय केली होती. एकशे चाळीस तंबू परत आले, शिवाय अतांना बघायला म्हणून तीनशे नवे. ढोल वाजले, डोकं अतांच्या पुढ्यात आलं. मी माझ्या टेबलाशी जरा ताठ बसले होते. आता कशाला लपवू, डोळा आपल्याला येणार असं मला वाटत होतं. एवढं केलं होतं मी.

अतांनी सुरी उचलली. माझ्या पडद्यावर टिंग झालं. कान.

वर चौदाशे जणांना दिसेल असं लिहिलेलं: 'मदत कक्षातल्या पोरीला, ऐकायला शिकावं म्हणून.'

ऑफिसात असा हशा पिकला की खालचा टायरवाला वर बघायला आला. बावन्न वर्षांच्या बाईला कान! माझे गाल तापले, आणि मग मीही हसले, कारण माप अगदी बरोबर होतं. डोळा त्या दिवशी कुणालाच मिळाला नाही. मिरास म्हणाला प्रोग्राममध्ये काही राहिलं असेल. सोमवारी मी अरिस्तानला सांगून क्रमांक सात यादीतून काढायला लावलं.

गुरुवारी आगांचं पत्र आलं. तब्येत कशी, पोरांची कशी. गवत भरून झालं. कालवड आता दोरी तोडते. तिसऱ्या परिच्छेदात शेजाऱ्याशी कुंपणावरून झालेलं भांडण, चौथ्यात त्याच शेजाऱ्याच्या मुलीचं लग्न. पाचव्यात अता रोज शर्यत हरतात आणि घोड्याला शिव्या देतात ते. मी एकही ओळ गाळली नाही. अगदी खाली, सहीच्या वर होतं:

'डोळा बाबांनी मुद्दाम ठेवून घेतलाय. म्हणतात, तो काही कॉम्प्युटरवरून पाठवायचा नसतो. रविवारी मेंढा कापतोय. इथवर वाचलं असेल तर ती येईल.'

मी डोळे पुसले आणि उत्तर लिहायला घेतलं. तुमची तब्येत कशी आहे आगा, अतांची कशी आहे, कालवडीला नवी दोरी आणली का. चांगले चार परिच्छेद लिहिले. आणि शेवटी, सहीच्या वर: 'रविवारी येते. मिरासलाही आणते, त्याला खरा घोडा दाखवा.'