माझ्या पोटातला पांढरा बर्फ

मित्रांनो, आधी नाक धरा, मग जवळ या. मी मासळीची एक जुनी पेटी आहे. अंगाने निळी, झाकण मोडकं, आणि सध्या राजूरजवळच्या एका घरामागे पालथी पडलेली.

माझे चांगले दिवस श्रीरामपूरच्या एका प्रयोगशाळेत गेले. तिथे रुपाली नावाची मुलगी संशोधन सहायक होती. लोक खातात ती मासळी निर्धोक आहे का, हे तपासणं तिचं काम. आम्ही दोघी एसटीने राजूरच्या बाजारात यायचो, भंडारदऱ्याच्या धरणातले मासे पिशव्यांत बंद करून बर्फात ठेवायचो आणि परत निघायचो. "ताई, पेटीचं बी तिकीट काढा, लई वास मारतोय," असं कंडक्टर म्हणायचा. रुपाली हसून मला मांडीवर घ्यायची. मला केवढा अभिमान वाटायचा!

बाजारात रंगुबाई मासे विकायची. पहाटेचे मासे ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायची आणि दुपारच्या आत विकून मोकळी व्हायची. रुपालीला ते पटेना.

"मावशी, बर्फात ठेवा. उन्हाने खराब होतात."

"बरफ कशाला गं? माजा मासा शिळा व्हायला ऱ्हातोय कुटं?"

पण शिकलेल्या मुलीचा शब्द तिने अखेर मानला. प्रयोगशाळेत नव्या पेट्या आल्या, तेव्हा रुपालीने मला रंगुबाईला देऊन टाकलं. जवळच्या एका कारखान्यातून बर्फ येऊ लागला.

रंगुबाईची नात भारती उन्हाळाभर माझ्याभोवती घोटाळायची. आजीची पाठ वळली की झाकण उचलून बर्फाचा खडा तोंडात टाकायची आणि खुदकन हसायची. तो बर्फ वस्तू गार ठेवण्यापुरता होता, खाण्याचा नव्हता. अशा बर्फात निळा रंग घालायचा असतो, म्हणजे तो कोणी तोंडात घालत नाही. माझ्या पोटातला बर्फ पांढराशुभ्र होता.

भारतीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं, पण ती घरी परत आली नाही.

रंगुबाईचे मासेच वाईट, असा गावात बोभाटा झाला. रुपाली धावत आली. तिने मासे नेले आणि पहिल्यांदाच बर्फही नेला. इतकी वर्षं ती बर्फात ठेवलेले मासे तपासत होती, पण बर्फ तपासावा असं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. मासे चांगले निघाले. बर्फ घाण पाण्याचा होता.

"आपला प्रकल्प मासळीचा आहे, बर्फ त्यात बसत नाही," असं तिचे साहेब म्हणाले. अहवालात 'मासे सुरक्षित' एवढंच छापलं गेलं. हे तिने रडत रडत रंगुबाईला येऊन सांगितलं.

रंगुबाईने माझं झाकण बंद केलं. मग म्हणाली, "मासं चांगलं निघालं म्हन. मग माजी पोर कशानं गेली, ते तुज्या कागदात कुटं हाय?"

रुपाली उठून निघून गेली. ती नंतर राजूरला आली नाही. रंगुबाई पुन्हा गोणपाट ओलं करते. मला ती फेकतही नाही आणि हातही लावत नाही. त्या कारखान्याचा पांढरा बर्फ मात्र अजून बाजारात येतो.

मित्रांनो, बर्फ गार असला म्हणून स्वच्छ नसतो. तोंडात घालण्याआधी विचारा, हा कुठल्या पाण्याचा? भारतीने विचारलं नाही, ती लहान होती. विचारायचं आम्ही मोठ्यांनी होतं.