पहिली ओटी

मिनलच्या डोहाळजेवणासाठी शामलाने नणंदेला, पुष्पलताताईंना, आदल्या दिवशीच उमरेडहून बोलावून घेतलं होतं. ताईंचे यजमान जाऊन वर्ष होत आलेलं. मिनलने मात्र आईला बजावून ठेवलं होतं, पहिली ओटी आत्याच भरेल. लहानपणी न्हाऊमाखू तिनेच घातलं मला.

सकाळपासून जरीपटका वस्तीतल्या शामलाच्या दोन खोल्यांत बाया मावेनात. ताईंचा गुडघा प्रवासाने सुजलेला. शामला जाता जाता म्हणाली, "ताई, तुमी आतच बसा जी. बाहेर येऊ नका." आणि हळदीकुंकवाचं तबक उचलून गेलीसुद्धा.

जाईचा मुकुट, शेवंतीचे बाजूबंद, मिनल पाटावर फुलल्या वेलीसारखी बसली. ओटीची वेळ झाली, पण ताई येईनात. दोनदा निरोप धाडला, दोनदा उत्तर आलं की पुऱ्या होऊ द्या. शेजारच्या प्रेमिलाबाईंनी विचारलंच, नणंदबाई काहून येत नाहीत? चारचौघींत शामलाचं तोंड उतरलं. मानपान पाहिजे असेल यांना, असं तिच्या मनाने घेतलं. ती हसत, पण आत ऐकू जाईल अशी बोलली, "भाव खाऊन राहिल्या. आमच्या इकडच्या ननदा तशाच."

बाया हसल्या. आत भांडी वाजायची थांबली.

शामला तरातरा स्वयंपाकघरात गेली. पुऱ्या केव्हाच तळून झाल्या होत्या, गॅस बंद होता. धुतलेली ताटं ताई पुन्हा पुसत होत्या, सुजल्या पायावर उभ्या राहून.

"तूच म्हटलं न वं, बाहेर येऊ नका म्हणून," त्या म्हणाल्या. "मी समजली. शुभाचं काम हाय. माहा राग नाही."

"गुडघ्यासाठी म्हटलं होतं, ताई."

खरंच गुडघ्यासाठीच म्हटलं होतं. पण ताई आत आहेत, आता कोणी काही विचारणार नाही, असं सकाळपासून तिला हलकं हलकं वाटत होतं. ते हलकेपण कशाचं होतं, ते तिला आत्ता कळलं.

तिने ताईंचा हात धरून त्यांना पाटाशी आणलं. तांदूळ-नारळाचं ताट त्यांच्या हाती दिलं. मिनलने पदर पसरला. आणि नेमकी तेव्हाच शामलाची नजर बायांच्या तोंडांवरून फिरली. कोणी काही म्हटलं नव्हतं. प्रेमिलाबाई तर सरकून जागा करत होत्या. पण ती नजर ताईंनी पाहिली.

त्यांनी ताट हळूच शामलाच्या हातात परत दिलं. "तूच भर वं. लेक तुही हाय."

मिनलने आईपुढचा पदर आवळून घेतला. आत्याकडे वळली आणि तिथे पुन्हा पसरला.

शामला ताट धरून उभी राहिली. तिच्या हातातल्या ताटातून ताईंची ओंजळ पाच वेळा भरली, पाच वेळा लेकीच्या पदरात रिती झाली. तिला एकदाही मान वर करता आली नाही.